उरलेली कातडी

वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालेली बाई माझ्याकडे येते तेव्हा आधी दंड दाखवते, पोट नंतर. पोट पदराखाली जातं, दंड जात नाहीत. शिंप्याने बाही कितीदाही आत घेतली तरी बाहीखालून कातडीची घडी लोंबतेच, आणि हात वर करून भाकरी थापताना, मंदिरात घंटा वाजवताना ती सगळ्यांना दिसते. पुरुष याहून उशिरा येतात. शर्ट अंगात आहे तोवर निभतं. पण विहिरीवर पोहणं थांबलेलं असतं, उन्हाळ्यात अंगणात उघड्या अंगाने बसणं थांबलेलं असतं, आणि हे घरातही कुणाच्या लक्षात आलेलं नसतं.

मी अहिल्यानगरला प्लास्टिक सर्जरी करते. बॅरिॲट्रिक ऑपरेशनला, म्हणजे जठर लहान करणाऱ्या स्लीव्ह किंवा बायपासला, आपल्याकडचे लोक बहुधा पुणे, नाशिक नाहीतर मुंबई गाठतात. तीन-चार दिवसांत घरी येतात. साखर आटोक्यात येते, गुडघे हलके होतात, घोरणं थांबतं. वर्ष-दीड वर्षात चाळीस-पन्नास किलो उतरतात. त्यानंतर जे मागे राहतं ते घेऊन प्रवरेकाठचा बागायतदार येतो, तशी पाथर्डीच्या डोंगराकडची अंगणवाडीताईही येते. मला ठामपणे वाटतं, की ही कातडी त्या आजाराचाच उरलेला भाग आहे. तिच्यावरच्या इलाजाला नटणंमुरडणं म्हणणं हा पेशंटवर अन्याय आहे. आणि ती उरणार, हे पहिल्या ऑपरेशनच्या आधीच सांगायला हवं.

कातडीला घट्टपणा देतं ते कोलॅजन आणि तिला पूर्ववत आकसायला लावतं ते इलॅस्टिन. वर्षानुवर्षं ताणाखाली राहिलेल्या कातडीत हे धागे विरळ होतात, तुटतात, त्यांची मांडणी विस्कटते. पोटावरच्या पांढऱ्या रेघा ही त्याचीच खूण. चरबी गेली म्हणून हे धागे पुन्हा तयार होत नाहीत. वजन किती वर्षं होतं, वय किती, तंबाखूची सवय आहे का, आणि आईवडिलांकडून कातडी कशी मिळाली, यावर किती लोंबणार ते ठरतं. व्यायामाने स्नायू भरतात आणि तो करायलाच हवा, पण कातडी आखडत नाही. मलमाने, तेलाने, मसाजानेही नाही. या नावाखाली विकल्या जाणाऱ्या बाटल्यांवर लोकांनी घातलेले पैसे पाहिले की मला राग येतो.

त्रास नुसता दिसण्याचा असता तरी मी तो खराच मानला असता. पण ओटीपोटावर झोळीसारखी उतरलेली कातडी जांघेपर्यंत येते. तिच्याखाली घाम साचतो, घड्या घासतात आणि बुरशी धरते. नगरचा एप्रिल-मे आठवा. त्यात परकराची नाडी नेमकी घडीत रुतते आणि तिथली जागा काळी पडते, सोलते. मग मेडिकलमधून न विचारता स्टिरॉइड मिसळलेलं मलम येतं. खाज दोन दिवसांत थांबते, आतली बुरशी मात्र पसरत राहते आणि कातडी आणखी पातळ होते. नवराबायकोच्या नात्यात जो आडपडदा येतो, त्याबद्दल बाई शेवटी, दाराकडे बघत बोलते.

वर गावाचं बोलणं. खात्यापित्या घरची म्हणून जिचं कौतुक होत होतं, तिला आता ‘रया गेली गं तुझी’, ‘काही मोठं दुखणं आहे का’ असं विचारलं जातं. एका ताईंनी मला सांगितलं, ‘मॅडम, जाड होते तेव्हा लोक हसायचे. आता कीव करतात. त्यापेक्षा हसलेलं बरं होतं.’ एवढं वजन उतरवायला जे मन लागतं ते फार थोड्यांकडे असतं. त्या बाईला आरशासमोर हरल्यासारखं वाटावं, हे मला सहन होत नाही.

प्रत्येकाला ऑपरेशन लागत नाही, आणि लागलं तरी तोवरचे महिने काढायचेच असतात. अंघोळीनंतर घडी उचलून पूर्ण कोरडी करायची. जुन्या धुवट सुती कापडाची पट्टी घडीत ठेवायची आणि ओली झाली की बदलायची. नाडीऐवजी रुंद कमरपट्टीचा परकर. मांड्या घासत असतील तर साडीखाली किंवा पायजम्याखाली घट्ट सायकलिंग शॉर्ट्स. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून आपल्या जिल्ह्यातून पंढरीला जाते. तिच्याबरोबर चालण्याची आस असलेल्या एका गृहस्थांचे गुडघे वजन उतरल्यावर साथ देऊ लागले होते, पण मांड्यांची कातडी सोलून ते अर्ध्यात परतले. पुढच्या आषाढीला या शॉर्ट्सवर ते पोहोचले. मांड्यांच्या ऑपरेशनचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही, मीही काढला नाही.

ज्यांना ऑपरेशन करायचं आहे त्यांना मी थांबवते. बॅरिॲट्रिकनंतर वर्ष ते दीड वर्ष जाऊ द्यायचं आणि वजन निदान तीन ते सहा महिने एका जागी स्थिर हवं. या काळात खरी लढाई प्रथिनांची असते. दिवसाला किमान 60 ते 80 ग्रॅम लागतात आणि जठर उरलेलं असतं वाटीभर. भाकरीने सुरुवात केली की जागा संपली. म्हणून आधी अंडं, पनीर, मटकी, दही, भाकरी शेवटी. लोह, बी-12, ड जीवनसत्त्व तपासल्याशिवाय मी तारीख देत नाही, कारण उपाशी शरीरात टाके धरत नाहीत. आणि तंबाखूची मिश्री. बायका तिला व्यसन समजतच नाहीत, ‘दात घासते’ म्हणतात. पण निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि शिवलेल्या कातडीची कड काळी पडून मरते. निदान महिनाभर आधी मिश्री बंद, आणि या एका बाबतीत मी ऐकून घेत नाही.

पोटाची अशी झोळी काढल्याची नोंद अमेरिकेत हॉवर्ड केली यांनी 1899 मध्ये केली. आज आम्ही माणसाला उभं करून, शिंपी अंगावर कापड बेततो तशा खुणा करतो, कारण आडवं झाल्यावर कातडी खोटं सांगते. कमरेच्या एका हाडापासून दुसऱ्यापर्यंत छेद, फाकलेले स्नायू जवळ आणून शिवणं, बेंबीला नवी जागा. काहींना मधोमध उभा व्रणही घ्यावा लागतो. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून लवकरात लवकर चालवतो, सुरुवातीला थोडं वाकूनच. निचऱ्याच्या नळ्या, मग काही आठवडे पट्टा. तो पाहून आजेसासवा खूश होतात. बाळंतिणीचं पोट बांधणं त्यांना ठाऊक असतं. फक्त शेक नको. बेंबीखालची जागा कित्येक महिने बधिर असते आणि गरम पाण्याच्या पिशवीने भाजलेलं कळत नाही.

व्रण राहतातच. आपल्या सावळ्या कातडीवर ते जाड आणि काळपट होऊ शकतात, निवायला वर्ष-दीड वर्ष घेतात. दंडाचा व्रण काखेपासून कोपरापर्यंत जातो. लोंबणारी कातडी द्यायची आणि लांब व्रण घ्यायचा, असा हा सौदा आहे. कुणाला तो पटत नाही, आणि ते योग्यच असतं.

माझ्या शाखेचा इतिहास सांगताना पुण्याजवळच्या एका अनाम कुंभाराचं कर्तृत्व सांगावंच लागतं. टिपूच्या कैदेत नाक कापलं गेलेल्या कावसजी नावाच्या मराठी बैलगाडीवानाला त्याने कपाळाच्या कातडीतून नवं नाक केलं. ती हकीकत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’मध्ये ऑक्टोबर 1794 मध्ये छापून आली आणि युरोपातले सर्जन त्यातून शिकले. नाकावाचून माणूस मरत नाही. तरी कावसजी हौसेखातर गेला होता, असं कुणी म्हणत नाही.

आता विम्याचं. विमा नियामकाने 2019 मध्ये घालून दिलेल्या नियमांप्रमाणे बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 40 किंवा त्याहून जास्त असेल, किंवा 35 वा त्याहून जास्त असून गंभीर जोडआजार असतील, तर लठ्ठपणाच्या ऑपरेशनचा खर्च अटींसह मिळू शकतो. कातडी काढण्याचा मात्र सौंदर्योपचार म्हणून नाकारला जातो. 2025 च्या मार्चमध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोव्ही ही वजन उतरवणारी इंजेक्शनं भारतात आली. या इंजेक्शनांनी भराभर वजन उतरलेले लोकही आता याच वाटेने येणार आहेत, त्यामुळे हा प्रश्न वाढणार. पण विम्याच्या त्याच नियमांत एक फट आहे. अपघात, भाजणं, कर्करोग याखेरीज तब्येतीला थेट आणि तातडीचा धोका असेल आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरने तसं प्रमाणित केलं असेल, तर दावा मांडता येतो. म्हणून माझ्या पेशंटांना मी पहिल्या भेटीतच सांगते: घडीतला चट्टा, जखम, पू, जे होईल त्याचा तारखेसह फोटो काढा, प्रत्येक वेळी डॉक्टरांना दाखवून केसपेपरवर लिहून घ्या, औषधांची बिलं फेकू नका. दाव्याच्या वेळी नुसत्या तोंडी सांगण्यावर काही मिळत नाही, कागद लागतात.