पेन्शनचा पैसा आणि चार भिंती

सध्या जोधपूरला पीस पोस्टिंग आहे, फॅमिली क्वार्टर मिळालंय. तरी पेन्शनला दोन वर्षं राहिली की पलटणीत जो प्रश्न फिरायला लागतो, तो आमच्याही दारात आलाय : गावाकडं घर बांधायचं, की शहरात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायचं?

सिव्हिलमधला माणूस साठीला निवृत्त होतो. आपला जवान, हवालदार चाळिशीच्या आसपास पेन्शन येतो. पोरं शाळेत असतात, दुसरी नोकरी शोधायची असते आणि ग्रॅच्युइटी, कम्युटेशन, फंड सगळं एकदम हातात पडतं. आर्मी वेल्फेअर हाउसिंग ऑर्गनायझेशन १९७८ पासून फ्लॅट बांधतंय, पण आपल्याला हव्या त्या गावात आणि आपल्या खिशात बसणारा मिळेलच असं नाही.

मी कागदावर गणित मांडलं. समजा घराला ३० लाख लागणार. तेच बँकेत ७ टक्क्यांनी ठेवले तर महिन्याला साडेसतरा हजार व्याज. फ्लॅटचं भाडं १२ हजार. म्हणजे भाडं भागून साडेपाच हजार उरले, वर पोरांची शाळा जवळ, ईसीएचएसचं पॉलिक्लिनिक जवळ. भाडं जिंकलं!

पण भाडं दरवर्षी ५ टक्के वाढवून बघा. आठव्या वाढीला ते व्याजाच्या पुढं जातं. व्याज तिथंच राहतं, मुद्दलाची किंमत घटत जाते. साठीच्या माणसाला हे चालून जाईल. आपल्याला पुढं तीस-पस्तीस वर्षं काढायची असतात.

आमच्या सौ.नं नऊ पोस्टिंगांत नऊ वेळा काळ्या ट्रंका भरल्या. ती म्हणाली, "तुमच्या माघारी मला फॅमिली पेन्शन मिळेल. पण दर अकरा महिन्यांनी करार करायला मी कुणाच्या दारात उभी राहू?" यावर माझ्या गणितात उत्तर नव्हतं.

गावच्या घराचीही दुसरी बाजू आहे. बंद घराला वाळवी लागते, कौलं सरकतात, शेजाऱ्याचं कुंपण हळूहळू आत येतं. वडिलोपार्जित जागेत भावांचा हिस्सा, आणि २००५ च्या कायद्यापासून बहिणींचाही मुलांच्या बरोबरीनं. वाटणी न करता बांधलेलं घर म्हणजे भांडणाचा पाया. नोकरी शहरात मिळाली, तर त्या घरात राहणार म्हातारी माणसं आणि कुलूप.

म्हणून आम्ही दोघांनी क्रम लावलाय. आधी वाटणी आणि मोजणी, मग कंपाउंड. पोरांची बारावी होईपर्यंत शहरात भाड्यानं राहायचं, करार रजिस्टर करूनच. घराचा पैसा वेगळा ठेवायचा, त्यातून लग्न नाही, गाडी नाही. धाकट्याची बारावी झाली की बांधकाम : दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढं ओसरी. तेव्हा सिमेंट-सळई महागलेली असेल, तेवढं सोसायचं. मोठा बंगला बांधून त्याला रंग द्यायला पेन्शन घालवायची नाही.

या रजेत पहिलं काम मोजणीचा अर्ज. घर झालं की ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर नावं दोन लागतील, आणि सौ.चं नाव पहिलं.