गिझाल्लोचा घाट

गेल्या वर्षी सप्टेंबर महिन्यात इटलीतील मिलान शहरी, माझ्या भाच्याकडे, तीन आठवडे राहण्याचा योग आला. खानापूरहून निघताना माझ्या धाकट्या बहिणीने लेकासाठी काजूगर, कोकम आणि कुळथाचे पीठ यांच्या पुरचुंड्या तर बांधून दिल्याच. पण त्यांहून जड असे एक ओझे माझ्या मनावर ठेवले. ती म्हणाली, "दादा, तुझा शब्द तो मोडायचा नाही. तेवढे ते शर्यतींचे वेड त्याच्या डोक्यातून काढून ये."

तिचे म्हणणे गैर नव्हते. आदल्या वर्षी हा मुलगा सायकलीच्या शर्यतीत पडला, त्याचे खांद्याजवळचे हाड मोडले, आणि हात झोळीतून मोकळा होईपर्यंत त्याने आईला त्याचा पत्ता लागू दिला नाही. मुलगा परदेशी, नोकरी चांगली, अंगावर कर्ज नाही. मग हे विकतचे दुखणे कशाला, असा तिचा साधा सवाल होता. मलाही तो पटला होता.

वाचकहो, आमच्या पिढीने सायकल पाहिली ती कामाची वस्तू म्हणून. तिच्यावर दुधाच्या किटल्या जात, भाताची पोती गिरणीला जात, आणि तीस वर्षे मीही तिच्यावरूनच शाळेत शिकवायला गेलो. आमच्या लहानपणी गावात कोणी अत्यवस्थ झाले म्हणजे भर पावसात, अपरात्री, कंदील लावून फादर सायकलीवरूनच येत. चढ लागला की आम्ही उतरत असू व सायकल हाताने ढकलीत असू. चढावर मुद्दाम जावे, आणि तेही दुसऱ्याच्या आधी वर पोहोचण्यासाठी, ही कल्पना आमच्या डोक्यात कधी आली नाही. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट सर्वांआधी चढणाऱ्यास 'घाटाचा राजा' म्हणतात हे वर्तमानपत्रात वाचीत होतो. पण ते राजेपण दुसऱ्याच्या मुलांसाठी, अशी आमची समजूत.

मी गेलो त्या सुमारास भाच्याच्या सायकल क्लबचा दोन दिवसांचा वार्षिक कार्यक्रम होता. शनिवारी घाटाची शर्यत आणि रविवारी सर्वांनी मिळून करावयाची फेरी. "मामा, तुम्ही याच," तो म्हणाला. मीही मनात म्हटले, ज्या झाडाला घाव घालायचा ते आधी पाहून तरी घ्यावे.

मिलानच्या उत्तरेस, डोंगरांच्या कुशीत, कोमो नावाचे सरोवर आहे. त्याचा आकार दोन पाय फाकून उभ्या राहिलेल्या माणसासारखा आहे, आणि ते दोन पाय जेथे फुटतात त्या टोकावर बेल्लाज्यो हे गाव वसले आहे. तेथून एक रस्ता डोंगरावर चढतो तो माग्रेल्यो गावाजवळच्या गिझाल्लोच्या खिंडीत निघतो. अंतर सुमारे साडेआठ किलोमीटर. पण तेवढ्यात साडेपाचशे मीटरांची चढण आहे, आणि खिंडीची समुद्रसपाटीपासून उंची ७५४ मीटर. हा घाट मोठा लबाड आहे. आरंभीच तो इतका उभा होतो की माणसाचा दम उखडतो. मध्ये सपाटी देऊन फसवितो. आणि आता आलेच असे वाटत असता शेवटी पुन्हा छातीवर येतो.

शनिवारची शर्यत घड्याळाशी होती. बेल्लाज्योहून एकेक स्वार एका मिनिटाच्या अंतराने सोडीत, आणि वर खिंडीत ज्याचा त्याचा वेळ टिपून घेत. मी मोटारीने आधीच वर जाऊन बसलो होतो. खाली सरोवराचे निळे पाणी, समोर ग्रिन्या पर्वताचे उघडे सुळके, आणि पाठीशी एक छोटेसे जुने दगडी देऊळ. या देवळाचीच ही सारी कीर्ती आहे.

फार पूर्वी गिझाल्लो नावाच्या एका उमरावास या वाटेवर दरोडेखोरांनी गाठले. तो धावत सुटला, रस्त्याकडेच्या पवित्र मरियेच्या मूर्तीपाशी आसऱ्यास गेला आणि वाचला, अशी आख्यायिका आहे. तेव्हापासून ही मरियामाता वाटसरूंची सांभाळकर्ती ठरली. पुढे विसाव्या शतकात या वाटेने सायकलस्वार येऊ लागले. लोंबार्दी प्रांताची प्रसिद्ध शर्यत १९०५ साली सुरू झाली आणि १९१९ साली ती प्रथम या घाटावरून गेली. ऑक्टोबरात, झाडांची पाने झडू लागतात तेव्हा ती होत असल्यामुळे तिला 'गळत्या पानांची शर्यत' असे नाव पडले आहे. दमलेले स्वार खिंडीत थांबून देवळात डोके टेकीत, हे पाहून येथील धर्मगुरू फादर एर्मेलिंदो विगानो यांच्या मनात आले की, ही माता सायकलस्वारांची आश्रयदाती म्हणून का मानली जाऊ नये? त्यांनी खटपट केली. १९४८ साली पोप महाशय बारावे पायस यांनी आशीर्वादित केलेली ज्योत सायकलस्वारांनी हातोहात येथवर आणली. तिच्या वाहकांत जिनो बार्ताली व फाउस्तो कोप्पी हे त्या काळचे दोन महान प्रतिस्पर्धी होते. दुसऱ्या वर्षी, १३ ऑक्टोबर १९४९ रोजी, पोप महाशयांनी गिझाल्लोची माता ही सायकलस्वारांची आश्रयदाती असल्याचे घोषित केले.

देवळाबाहेर ब्राँझचे एक शिल्प आहे. एलियो पोंती या शिल्पकाराचे हे काम १९७३ सालचे. त्यात दोन सायकलस्वार आहेत. एकाने विजयाने हात उंचावला आहे. दुसरा खाली कोसळला आहे. शिल्पकाराने दोघांना एकाच चौथऱ्यावर बसविले आहे. मी त्या कोसळलेल्याकडे बराच वेळ पाहत राहिलो, कारण माझ्या बहिणीला केवळ तोच दिसत होता.

इतक्यात माणसे ओरडू लागली. वळणावर भाचा दिसला. तोंड उघडे, डोळे खोल गेलेले, अंग घामाने थबथबलेले. तो माझ्यासमोरून गेला. पण त्याने मला पाहिले नाही. त्या क्षणी त्याला मामा नव्हता, आई नव्हती, कोणीच नव्हते. खरे सांगतो, मला त्याचे कौतुक वाटले आणि भयही वाटले. त्याचा चौथा क्रमांक आला.

अंगावर कोरडा सदरा चढवून तो मला देवळात घेऊन गेला. आत माणसाला उभे राहण्यापुरतीच जागा. भिंती छतापर्यंत सायकलींनी व शर्यतींच्या रंगीत सदऱ्यांनी भरलेल्या. आपल्याकडे नवसाला मेणाचे हात-पाय वाहतात, तशा येथे विजेत्यांनी आपल्या सायकली वाहिल्या आहेत. कोप्पीची आहे, बेल्जमच्या एडी मर्क्सची आहे, बार्तालीची आहे.

बार्तालीची हकीकत ऐकण्यासारखी आहे. फ्रान्सची महाशर्यत त्याने १९३८ व १९४८ अशी दोनदा, दहा वर्षांच्या अंतराने जिंकली. या दोन विजयांच्या मध्ये महायुद्ध झाले. जर्मन अंमलात ज्यू लोकांची धरपकड चालू असताना फ्लोरेन्सचे कार्डिनल एलिया दाल्ला कोस्ता यांच्या सांगण्यावरून तो बनावट ओळखपत्रांचे कागद सायकलीच्या नळीत दडवून फ्लोरेन्स व असिसी या गावांदरम्यान वाहून नेत असे. सैनिकांनी हटकले तर, मी शर्यतीचा सराव करतो आहे, एवढेच सांगावयाचे. पकडला जाता तर प्राणाशी गाठ होती. पुढे आयुष्यभर त्याने याची वाच्यता फारशी केली नाही. २००० साली तो वारला, आणि २०१३ साली इस्रायलच्या याद वाशेम या संस्थेने ज्यूंचे प्राण वाचविणाऱ्या सज्जनांच्या यादीत त्याचे नाव घातले. आमच्या फादरांची कंदिलाची सायकल मला आठवली. सायकल कोणत्या कामी लावावी हे अखेर वर बसणाराच ठरवितो.

मी वळणार तो भाच्याने माझ्या दंडाला धरले व भिंतीवरील एक सायकल दाखविली. ती मोडलेली होती. "ही फाबियो कासार्तेल्लीची," तो हळूच म्हणाला.

हा मुलगा याच मुलुखातला, खालच्या आल्बेसे गावचा. १९९२ साली बार्सिलोनाच्या ऑलिंपिकमध्ये त्याने सुवर्णपदक मिळविले. १८ जुलै १९९५ रोजी, फ्रान्सच्या महाशर्यतीत, पिरेनीज पर्वतातील पोर्ते दास्पेच्या उतारावर काही स्वार एकमेकांवर कोसळले. कासार्तेल्लीचे डोके रस्त्याकडेच्या दगडी ठोकळ्यावर आपटले. डोक्यावर शिरस्त्राण नव्हते. तेव्हा ते सक्तीचेही नव्हते. वय पुरते पंचवीसही नव्हे. घरी तरुण पत्नी आणि काही महिन्यांचे तान्हे मूल. दुसऱ्या दिवशी सर्व स्वारांनी शर्यत न करता तो टप्पा संथपणे पार केला आणि शेवटी त्याच्या संघाच्या सोबत्यांना पुढे जाऊ दिले. शिरस्त्राणाची सक्ती मात्र २००३ साली, आणखी एका स्वाराचा बळी गेल्यावर आली.

आम्ही दोघेही गप्प होतो. मग भाचा म्हणाला, "मामा, आईला हिच्याविषयी सांगू नका."

खरे तर माझ्या हाती आयतेच हत्यार आले होते. ते उगारावे आणि बहिणीचे काम फत्ते करावे, असे क्षणभर वाटले. पण तोंडून निघाले ते निराळेच. मी म्हणालो, "बाळ, तू पडलास याचा तिला राग नाही. तू लपविलेस याचे तिला दुःख आहे. या लोकांनी मोडकी सायकलसुद्धा मातेसमोर आणून टांगली. तू आपल्या आईपुढे झोळीतला हात दाखवू शकला नाहीस." त्याने मान खाली घातली. मीही पुढे काही बोललो नाही.

रविवारी सकाळी गावच्या देवळात मिस्सा ऐकून आम्ही एर्बा गावी जमलो. तेथून आस्सोमार्गे पुन्हा गिझाल्लो, मग बेल्लाज्योचा उतार, पुढे सरोवराच्या काठाने कोमो आणि परत एर्बा, अशी सुमारे सत्तर किलोमीटरांची फेरी. मला मागच्या मोटारीत जागा मिळाली. शर्यतीच्या भाषेत तिला 'झाडूगाडी' म्हणतात. मागे राहिलेल्यांना गोळा करीत ती सर्वांच्या शेवटी चालते. म्हणून आदल्या दिवशी पहिला कोण हे मी पाहिले असले, तरी रविवारी शेवटचा कोण हेच मला दिसत राहिले.

शेवटी होता क्लबचा सर्वांत जुना सभासद, सत्तरी ओलांडलेला एक निवृत्त पाववाला. रविवारचा नियम एकच होता : सर्वांत संथ असेल त्याच्या चालीने सर्वांनी चालावयाचे. तरी जवान रक्त पुढे पुढे जात होते आणि वळणावर थांबत होते. मागे म्हाताऱ्याच्या बाजूला एक स्वार सतत राहिला, आणि चढ आला की त्याच्या पाठीवर तळहात ठेवून त्याला हळूच रेटीत राहिला. तो माझा भाचा होता. आदल्या दिवशी ज्याने सख्ख्या मामाला ओळखले नव्हते तोच हा.

देवळाजवळ आम्ही आलो तेव्हा घंटा वाजत होती. भाचा क्षणभर थांबला, त्याने क्रुसाची खूण केली, शिरस्त्राणाचा पट्टा चाचपून पाहिला आणि म्हाताऱ्याच्या मागोमाग, ब्रेक धरीत, बेल्लाज्योच्या उतारास लागला. दुपारी कोमोहून परतताना आल्बेसे गाव आले. तोवर चाललेली थट्टामस्करी एकाएकी थांबली. कोणी कोणास सांगितले नव्हते. पण सर्वजण एका रांगेत, संथपणे, त्या गावातून पार झाले.

त्या रात्री मी बहिणीस पत्र लिहावयास बसलो. फोन हाताशी होता. पण काही गोष्टी फोनवर नीट सांगता येत नाहीत. दोन ओळी लिहून मी कागद भाच्यापुढे सरकविला. म्हटले, "हे तुझे पत्र आहे. तूच लिही." बऱ्याच वर्षांनी मराठी लिहीत असल्यामुळे तो जागोजागी अडखळला, पण पहाटेपर्यंत चार पाने झाली. पडल्याची हकीकत त्यात होती, चौथ्या क्रमांकाची होती, पाववाल्याची होती, आणि कासार्तेल्लीच्या सायकलीचीही होती.

ते पत्र मीच खानापूरला घेऊन आलो. बहिणीने ते दोनदा वाचले, घडी घालून प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवले आणि बराच वेळ उंबऱ्यावर बसून राहिली. आता मजवर रागावते की काय, असे मला वाटले. तिने दिलेले काम मी केले नव्हते.

अखेर ती म्हणाली, "उतारावर ब्रेक सोडू नको म्हणावे. आणि शर्यत झाली की आधी घरी फोन कर. जिंकला की हरला ते मागाहून सांग."

तेव्हापासून, शर्यत असली म्हणजे, शनिवारी संध्याकाळी तिच्या घरी फोन वाजतो.