झाकण उघडेच होते

नळाला पाणी आले नाही म्हणून जायकवाडी आटले, असे आमच्या छत्रपती संभाजीनगरात कोणी म्हणत नाही. पैठणहून येणाऱ्या पाण्याची दिवस-दिवस वाट पाहण्याची सवय जडलेला येथला माणूस आधी शेजाऱ्याचा नळ पाहतो, मग व्हॉल्व्ह सुटला की नाही ते विचारतो आणि शेवटी पाइप कोठे फुटला त्याची चौकशी करतो. हे शहाणपण आमच्याही अंगी होते. परंतु लॅपटॉपचा पडदा काळा पडला, तेव्हा ऐन वेळी ते कामास आले नाही.

त्या लॅपटॉपमध्ये आमच्या वडिलांच्या आठवणी होत्या. गंगापूर-वैजापूरकडच्या खेड्यांत मास्तरकी करताना त्यांनी वह्या लिहिल्या होत्या. त्या आम्ही दोन पावसाळे बसून टाइप केल्या आणि काम झाले म्हणून माळ्यावर ठेवल्या. तेथे त्यांना वाळवी लागली. दुसरी प्रत आम्ही काढली नव्हती. वडिलांच्या पुण्यस्मरणाच्या मिस्सेनंतर त्या आठवणी आमच्या वृद्ध आत्याबाईंना वाचून दाखवायच्या, असे ठरले होते. आपल्या भावाने आपल्याविषयी काय लिहिले आहे, हे त्या माउलीने अजून ऐकलेले नव्हते.

लॅपटॉप जुना. विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आणि पुढची आवृत्ती या म्हाताऱ्या यंत्राला पेलणारी नव्हती. तेव्हा पुण्याच्या भाच्याने त्यावर लिनक्स बसवून दिले. लिनस टॉरवाल्ड्स या हेलसिंकीच्या विद्यार्थ्याने 1991 साली आरंभिलेली ही प्रणाली कोणीही विनामूल्य घ्यावी, तपासावी, सुधारावी, अशी आहे. “फुकटचे ते कितीसे टिकणार!” असा अभिप्राय आमच्या सौभाग्यवतींनी तेव्हाच दिला होता. एके संध्याकाळी तो खरा ठरला, असे वाटले. यंत्र सुरू झाले, चित्र उमटले. आम्ही चष्मा चढवून वाचावयास बसलो, तोच अंधार! पुन्हा सुरू केले. पुन्हा क्षणभर उजेड आणि अंधार.

निराला बाजारातील एका दुकानात लॅपटॉप नेला, तर तेथे तो तासभर सुरळीत चालला. घरी आणला आणि पुन्हा काळोख. दुसऱ्या खेपेस दुकानदार म्हणाले, “काका, पडदाच बदलून टाकू.” आम्ही जवळजवळ होकार दिला होता. परंतु त्या रात्री भाच्याशी फोनवर बोलणे झाले.

“मामा, पडदा काळा म्हणजे यंत्र मेले असे नाही,” तो म्हणाला. “आधी पडद्यावर तिरपी बॅटरी मारा. पुसट अक्षरे दिसली तर चित्र आहे, फक्त मागचा दिवा गेला आहे.” अक्षरे दिसली नाहीत. मग त्याने बाहेरचा मॉनिटर जोडावयास सांगितले. शेजारची मुलगी इंजिनिअरिंगला आहे. तिने आपला मॉनिटर व एचडीएमआय केबल आणून दिली. यंत्र सुरू केले आणि त्या मोठ्या पडद्यावर वडिलांच्या आठवणींचा फोल्डर जसाच्या तसा दिसला. आमच्या घशात आवंढा आला.

“आधी नक्कल, मग निदान,” भाचा म्हणाला. पेनड्राइव्हवर प्रत निघेपर्यंत त्याने आम्हांस दुसऱ्या कशासही हात लावू दिला नाही.

नंतर त्याने एक्सरँडआर ही आज्ञा टाइप करावयास लावली. जोडलेल्या पडद्यांची यादी आली. लॅपटॉपचा स्वतःचा पडदा, ज्याला तेथे ईडीपी म्हणतात, तोही ‘जोडलेला’ असल्याची नोंद होती. फक्त तो वापरात नव्हता. म्हणजे पडदा यंत्राला दिसत होता. यंत्रानेच तो मिटला होता. का? भाच्याने झाकणाची स्थिती विचारणारी आज्ञा सांगितली. उत्तर आले: झाकण बंद. आणि आम्ही तर सताड उघड्या झाकणापुढे बसलेलो!

“मामा, लॅपटॉपवर काय ठेवले आहे?”

“काही नाही. चष्म्याचे घर आहे.”

“चुंबकाचे?”

ते उचलताच पडदा उजळला.

बहुतेक लॅपटॉपच्या झाकणात एक लहानसे चुंबक असते. झाकण मिटले की खालच्या भागातील संवेदक ते ओळखतो. दुसरा पडदा जोडलेला नसेल तर यंत्र झोपी जाते. जोडलेला असेल तर लिनक्स जागे राहते आणि केवळ स्वतःचा पडदा मालवते. आम्ही रोज चष्मा चढवून त्याचे घर नेमके त्या संवेदकावर ठेवीत होतो. दुकानात जाताना चष्मा डोळ्यांवर असे आणि घर टेबलावर राही. म्हणून तेथे यंत्र निर्दोष ठरे.

आम्ही लिनक्सवर संशय घेतला, पडद्यावर घेतला, दुकानदाराच्या हातगुणावरही घेतला. नीट दिसावे म्हणून जे रोज हाती घेत होतो, त्याच्या घराकडे मात्र कधी पाहिले नाही. यंत्राने बिचाऱ्याने आम्ही सांगितले तेवढेच ऐकले होते.

पुण्यस्मरणाच्या दिवशी आत्याबाईंना सारे वाचून दाखविले. पेनड्राइव्हची एक प्रत आता भाच्याकडे असते, दुसरी आत्याबाईंच्या लोखंडी पेटीत. आणि वाचावयास बसण्यापूर्वी सौभाग्यवती न चुकता विचारतात, “चष्म्याचे घर कुठे आहे?”