ताडोबा आणि माझा नियम



डिसेंबरात ताडोबाला जाऊन वाघाचे फोटो काढायचे, हे यांच्या मनात निवृत्तीपासून आहे. मी बी.कॉम., म्हणून आखणी माझ्याकडे. मंगळवारी जंगल बंद, तो वार टाळला. आत मोबाईल चालत नाही, म्हणून मुलाचा कॅमेरा मागितला. दशम्या, शेंगाचटणी (लसणाविना हो!) बरोबर.

अडलं दुपारच्या सफारीवर. परतेपर्यंत सूर्यास्त होणार आणि माझा रात्रीभोजनत्याग सासूबाई होत्या तेव्हापासूनचा. उपाशी राहावं, तर साखरेची गोळी जेवणावरच घ्यायची.

"एक दिवस चालतं," हे म्हणाले.

मी सकाळच्या दोन सफारी दोघांच्या, दुपारची त्यांच्या एकट्याची लिहिली. मी खोलीवर सामायिक करीन.

"आल्यावर फोटो दाखवा."

"तू नसताना काढू कशाला?" म्हणत ते उठले.

बुकिंगचे पैसे अजून भरलेले नाहीत.