श्रावण लागला, दारू सोडली आणि झटका आला

शिंदखेड्यात दवाखाना सुरू केला, त्या पहिल्याच वर्षाची गोष्ट. आषाढ संपता संपता एक शेतकरी तपासायला आला. रोजची दारू, सकाळी उठल्यावर हात थरथरायचे, घोटभर घेतली की थांबायचे. मी त्याला चांगलंच झापलं. "उद्यापासून थेंबही घ्यायचा नाही!" तो म्हणाला, घरी कानबाई बसते, श्रावण पाळायचाच आहे. मला बरं वाटलं. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या देऊन त्याला घरी पाठवला.

श्रावणाच्या दुसऱ्याच रात्री त्याला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आणलं. दातखीळ बसलेली, अंग ताठ, तोंडाला फेस. कुणी नाकाला कांदा लावत होतं, कुणी चप्पल. बायको एकच विचारत होती, "दारू तं सोडी दिधी, मंग झटका काबर उना?"

झटका दारू सोडल्यामुळेच आला होता, अचानक सोडल्यामुळे. सकाळचे थरथरणारे हात पाहूनही मी तसं सांगितलं, ही माझी चूक. त्या रात्री तिला ते सांगायला जमलं नाही. तुम्हाला सांगतो.

मेंदूच्या पेशींचं काम अतिशय क्षीण विजेवर चालतं. डोक्याला तारा लावून तिचा आलेख काढता येतो, तो ईईजी. माणसाच्या मेंदूची अशी पहिली नोंद जर्मनीतल्या हान्स बर्गर या डॉक्टरांनी १९२४ साली घेतली. तुम्ही डोळे मिटून निवांत बसलात की आलेखात सेकंदाला ८ ते १३ वेळा उठणारी एक लय दिसते. तिला अल्फा लहर म्हणतात. थोडी दारू पोटात गेली की बहुतेकांत ही लय वाढते, म्हणून हलकं वाटतं. जास्त झाली की लहरी मंदावतात, जीभ जड होते. (दारूने छान झोप लागते, हेही अर्धंच खरं. पहिला प्रहर गाढ जातो, स्वप्नांची झोप कमी होते आणि पहाटे टक्क जाग येते.)

आता रोज पिणाऱ्याचं बघा. मेंदूत गाबा नावाचं रसायन ब्रेकचं काम करतं आणि ग्लुटामेट रेस देतं. दारू ब्रेक दाबते, रेस कमी करते. रोजच असं झालं की मेंदू स्वतःला सावरून घेतो: ब्रेक ढिला करतो, रेस वाढवून ठेवतो. दारू आहे तोवर गाडी सरळ चालते. एके दिवशी दारू काढून घेतली, की उरतो ढिला ब्रेक आणि चढलेली रेस. पेशी एकाच वेळी, बेताल विजेचे लोळ सोडू लागतात. तोच झटका. बहुतेकदा तो शेवटच्या घोटानंतर ६ ते ४८ तासांत येतो. पुढच्या एक-दोन दिवसांत भ्रम होऊ शकतो: भिंतीवर किडे दिसतात, माणूस घरच्यांना ओळखत नाही. यात जीव जाऊ शकतो. लोक याला बाहेरची बाधा समजतात आणि नेमके तेच तास भगताकडे जातात.

आणखी एक. "साहेब, सलाईन लावा" हा आपल्याकडचा आवडता आग्रह. पण अशा रुग्णाच्या अंगात बी-१ जीवनसत्त्व फार कमी असतं. ते आधी न देता ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. आणि नंतर काढलेला ईईजी बरेचदा नॉर्मल येतो. त्यावरून "काहीच नव्हतं" असं समजू नका.

तो शेतकरी वाचला. धुळ्याला भरती केल्यावर औषधांच्या आधाराने, डोस हळूहळू कमी करत, आठवड्याभरात दारू सुटली. दारू सोडायला हवीच, पण सकाळी हात थरथरत असतील तर सोडण्याच्या आधी डॉक्टरांना गाठा. १४४४६ या मोफत सरकारी क्रमांकावरही विचारता येतं.

आता आषाढ अर्धा झाला की मी केसपेपरवर नाव लिहितानाच विचारतो, "श्रावण पाळणार का? बरं, हात पुढे करा पाहू."