भिंतीवरचं नाव

दोस्तांनो, वाशिमला आलात, बालाजीचं देऊळ पाहिलंत, पद्मतीर्थावर जाऊन आलात, की गावातल्या भिंतीही वाचत चला. कुठे बियाण्यांची जाहिरात, कुठे निवडणुकीचं चिन्ह, तर कुठे एखाद्या पोराने कोळशाने लिहिलेलं स्वतःचं नाव. का बरं लिहिलं असेल त्याने?

न्यूयॉर्कमध्ये असाच एक मुलगा होता, दिमित्रियस. त्याचं लाडकं नाव टाकी. (आपल्याकडे टाकी म्हणजे पाथरवटाची छिन्नी, याच्या हातात मात्र मार्कर!) तो राहायचा १८३व्या रस्त्यावर. निरोप-पाकिटं पोचवायच्या कामासाठी शहरभर हिंडायचा आणि जाईल तिथे ‘टाकी १८३’ लिहायचा. त्याच्या आधी ‘ज्युलिओ २०४’ हे नाव भिंतींवर झळकत होतंच. पण जुलै १९७१ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने टाकीची बातमी छापली आणि मग काय, शेकडो पोरं भिंतींवर तुटून पडली! पुढे नावांची रंगीबेरंगी चित्रं झाली, आगगाडीचे डबेच्या डबे रंगले. त्यालाच म्हणतात ग्राफिटी.

वाशिमचं नातं मात्र याहून फार जुन्या भिंतींशी आहे. वाशिम म्हणजे पूर्वीचं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. पाचव्या शतकात इथे हरिषेण राजा होता. त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचं सोळावं लेणं कोरवून दान दिलं. मेहकर, चिखली, बुलढाणा करत तिथे जाता येतं. लेण्याबाहेरच्या शिलालेखात मंत्र्याचंही नाव आहे आणि राजाचंही. आतली सुंदर चित्रं काढणाऱ्यांची नावं मात्र कुणी कोरली नाहीत.

आता दहाव्या लेण्यात चला. इथे एक नाव आहे: जॉन स्मिथ, २८ एप्रिल १८१९. वाघाच्या शिकारीला निघालेल्या या इंग्रज अधिकाऱ्याला ही लेणी दिसली आणि त्याने चक्क बोधिसत्त्वाच्या चित्रावर आपलं नाव खरवडलं! अजिंठ्याची चित्रं माती-भुशाच्या गिलाव्यावर चुन्याचा हात देऊन काढलेली. रंग गेरूचे, काजळीचे. निळा दगड तर थेट अफगाणिस्तानातून आलेला. एकदा पोपडा निघाला की गेलाच. टाकीची भिंत पुन्हा रंगवता आली, ही कशी रंगवणार? मला विचाराल तर टाकीला मी माफ करीन, स्मिथसाहेबाला नाही.

आणि हो, त्याचं नाव बघायला मान वर करावी लागते, बरं का. साहेब काही ताडमाड उंच नव्हता! तेव्हा लेण्यात कित्येक फूट दगडमाती साठली होती, तिच्यावर उभं राहून त्याने ते लिहिलं.