वळविलेला निधी आणि राहून गेलेले नाव

शासकीय पैशाला लेखाशीर्ष असते आणि ज्या शीर्षाखाली तो मंजूर झाला त्याच कामावर तो खर्च व्हावा, हा आमच्या सेवेतील पहिला धडा. लेखापरीक्षणात उमेदवारी केलेल्या माझ्यासारख्याची लेखणी तर ‘निधी वळविला’ हे शब्द दिसताच आक्षेप लिहू लागते. २०२० साली बेंगळुरूत असताना या सवयीचा मला फेरविचार करावा लागला.

१९९६ च्या दोन केंद्रीय कायद्यांनी बांधकाम खर्चावरील उपकरातून कामगार कल्याण मंडळे उभारण्याची तरतूद केली होती. उपकराचा दर एक टक्का होता. अपघात साहाय्य, निवृत्तिवेतन, मुलांचे शिक्षण, बाळंतपण अशी खर्चाची यादी कलम २२ मध्ये होती. तीत महामारी अर्थातच नव्हती. परंतु शेवटी ‘इतर कल्याणकारी उपाय’ अशी मोकळी जागा ठेवलेली होती. २४ मार्च २०२० रोजी केंद्रीय श्रममंत्र्यांनी या निधीतून कामगारांच्या खात्यांत थेट रक्कम जमा करण्याची सूचना राज्यांना केली. देशभरात तेव्हा सुमारे ५२,००० कोटी रुपये पडून होते. कर्नाटकाने प्रथम दोन हजार रुपये दिले आणि ६ मे रोजी आणखी तीन हजार जाहीर केले.

दोनच वर्षांपूर्वी, मार्च २०१८ मध्ये, याच उपकराचा पैसा लॅपटॉप आणि धुलाई यंत्रांवर खर्च झाल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने तीव्र नापसंती व्यक्त केली होती. निधी दोन्ही वेळा ठरलेल्या वाटेवरून वळला होता. मग फरक कोणता? माझ्या मते कसोटी एकच आहे: ज्याच्या नावे पैसा गोळा झाला, त्याच्याच हाती तो पडला काय? जून २०२१ मध्ये प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेतून एक लाखाहून अधिक तरुणांना रुग्णसेवेशी निगडित सहा कामांचे अल्पमुदतीचे प्रशिक्षण देण्यासाठी २७६ कोटी रुपये ठेवण्यात आले. तेथेही अभ्यासक्रम बदलला, शिकणारा लाभार्थी राहिला. असे वळण मला मान्य आहे.

तथापि या कसोटीची दुसरी बाजू मला एका गवंड्याने दाखविली. आमच्या वसाहतीशेजारी अर्धवट इमारतीत अडकलेला हा माणूस बिदर जिल्ह्यातील औरादकडचा, मराठी बोलणारा. मी मराठी आहे हे कळल्यावर एके संध्याकाळी तो फाटकाशी आला. “साहेब, पाच हजार मिळणार म्हणतेत. माझं नाव कुठं लावायचं?”

अकरा वर्षे तो या शहरात भिंती बांधत होता. पण नोंदणी नव्हती. मागील बारा महिन्यांत नव्वद दिवस काम केल्याचा दाखला हवा, आणि दर दोन-तीन महिन्यांनी मेस्त्री बदलणाऱ्याला तो देणार कोण? मी त्याला नियम समजावून सांगितला. त्याने तो निमूटपणे ऐकून घेतला आणि “बरं” म्हणून तो परत गेला. त्या ‘बरं’चा सल अजून गेलेला नाही.

नोंद असलेल्यांचेही सारे सुरळीत नव्हते. कर्नाटकातील १५.८० लाख नोंदणीकृत कामगारांपैकी ६ मेपर्यंत ११.८० लाखांनाच पहिली रक्कम मिळाली होती. उरलेल्यांच्या खात्यांची पडताळणी बाकी होती.

तिजोरीची किल्ली संकटात एका आदेशाने फिरविता येते. नावांची यादी मात्र एका रात्रीत तयार होत नाही. ती संकट नसताना, कामाच्या जागी जाऊन करावी लागते. ते जुने कायदे नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रम संहितांत विलीन झाले आहेत. नव्वद दिवसांची अट तेथेही आहे. पुढचे संकट येईपर्यंत तो दाखला मिळविणे कामगाराचे ओझे न राहता आमचे काम व्हावे, एवढीच अपेक्षा.